माहिती आईने दिली

काचेच्या पलीकडं संतोष होता. तोंडावर मास्क बांधलेला. कपाळावर, पापण्यांवर, मानेवर, छातीवर फोडच फोड. श्वास आत घेताना त्याच्या गळ्याखाली खड्डा पडत होता. काचेच्या अलीकडं मी उभी होते आणि माझ्यासमोर एक तरुण डॉक्टर त्याची फाईल उघडून उभा होता.

"यात लिहिलंय, कांजिण्या लहानपणी होऊन गेल्या. माहिती आईने दिली." त्यानं वर बघितलं. "आई कोण?"

"मी."

"नक्की झाल्या होत्या?"

"झाल्या होत्या की."

"आजी, एकदा झालेल्या माणसाला पुन्हा इतक्या जोरात सहसा होत नाहीत. नीट आठवून सांगा. औषध चालूच आहे, पण मला खरं कळायला हवं."

मी पदराआडून फोन काढला आणि माझ्या जावेला, कौसाला लावला. संध्याकाळचे सहा वाजले होते. ती शेतातून नुकतीच आली असावी, मागं शेरडांचा आवाज येत होता.

"कौसा, आपल्या संत्याला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना?"

"संत्याला कुठं? बालाजीला आल्या होत्या. संत्या तर तवा अंगावर पीत व्हता. तूच त्याला मांडीवर घेऊन पाण्याला बसली नव्हतीस का? आणि आज कामून विचारायलीस? बरं हाय ना लेकरू?"

मी फोन कापला. डॉक्टर अजून तिथंच उभा होता.

"नव्हत्या झाल्या," मी म्हणाले. "मी खोटं सांगितलं."

तो म्हणाला, "बरं झालं आत्ता तरी सांगितलंत," आणि आत गेला. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर उभं राहायला सोपं गेलं असतं.

कौसा, त्या दिवशी मी फोन का कापला हे तू मला तीन वेळा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी ज्वारीचा भाव विचारून विषय बदलला. आता लिहून पाठवते. एकटीनं वाचू नकोस. बचत गटाच्या बायांना बसवून वाचून दाखव. ज्यांची पोरं कुरुळीला, रांजणगावला, वाळूजला कंपनीत लागली आहेत त्यांना तर आवर्जून बोलाव. मी चौथी शिकलेली आहे. अक्षर चुकलं तर सुधारून घे, गोष्ट मात्र सुधारू नकोस.

मी गाव सोडलं तेव्हा तू ट्रॅव्हल्सपाशी मला सोडायला आली होतीस. "दिवाळीला परत येशीलच की," म्हणालीस. मीही तसंच धरून चालले होते. संतोषच्या पोटाचं काहीतरी बिघडलंय, बायको कंपनीत जाते, चार-सहा महिने साधं जेवण करून घालीन, पोटाला आराम पडला की येईन परत. म्हणून मी दोनच लुगडी घेतली. देवीचा टाक स्टीलच्या डब्यात कापसात गुंडाळून घेतला. मालक जाऊन सहा वर्षं झाली होती, थोरल्या लेकाची, बालाजीची बायको घर सांभाळत होती, त्यामुळं मागं ओढणारं कुणी नव्हतं. गाव सोडून आता चार वर्षं झाली.

पहाटे शिक्रापूरला उतरले तर संतोष मोटरसायकल घेऊन उभा होता. मी त्याला ओळखलं नाही. शर्ट अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. "काय रे, जेवत नाहीस का?" मी विचारलं. तो म्हणाला, "जेवतो ना, आई. पण जेवलं की जावं लागतं." कुठं जावं लागतं ते मला कुरुळीत पोहोचल्यावर कळलं.

तिथं घरमालकानं एका रांगेत आठ खोल्या बांधल्या आहेत. समोर गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या कंपनीची भिंत. खोलीला एक खिडकी, ती भिंतीकडं उघडते. नळ एक, आणि आठ खोल्यांना संडास दोन. सकाळी पहिल्या शिफ्टची माणसं बादल्या घेऊन रांगेत उभी राहतात. संतोषला दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागायचं आणि लागलं की थांबता यायचं नाही. रांगेतली पोरं आधी हसायची. "संतोषभाऊ, आतच खाट टाका राव, येरझाऱ्या वाचतील." तोही हसायचा. आपण गावात किती वेळा म्हटलंय, शहरात सगळ्या सोयी असतात. सोय म्हणजे काय हे ज्याला दर तासाला दार वाजवावं लागतं त्याला विचारा. शेवटी शेजारच्या सुनंदानं सगळ्यांना दटावलं आणि एक संडास सकाळी त्याच्यासाठी मोकळा राहायला लागला. ही सुनंदा जालन्याकडची. नवरा ट्रेलरवर ड्रायव्हर, एक मुलगी परी, बालवाडीत जाणारी. बाई तोंडाची फटकळ, पण मनानं चांगली.

कंपनीत त्याहून वाईट. लाईन चालू असताना जागा सोडायची तर बदली माणूस लागतो. सुपरवायझर त्याला म्हणाला होता, "तुझं लग्न लाईनशी झालंय की संडासाशी, ते एकदा ठरव." म्हणून संतोष शिफ्टला उपाशी जायचा. आठ तास उपाशी, मग घरी येऊन खायचं आणि मग रक्त. हो, रक्त पडायचं. हे त्यानं बायकोपासूनही वर्षभर लपवलं. मूळव्याध असेल म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून पुड्या खात होता.

त्याच्या बायकोनं, रेखानं, त्याला ओढून चिंचवडला पोटाच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. दुर्बीण घालून बघितलं तेव्हा कळलं, मूळव्याध नव्हे, मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. ताप-खोकल्यासारखा जाणारा आजार नाही. दाबून ठेवायचा, जन्मभर. आधी साध्या गोळ्या झाल्या. मग स्टिरॉइडच्या झाल्या. त्यानं आराम पडायचा आणि गोळी कमी केली की पुन्हा रक्त. असं दोन वर्षं चाललं. मी दिवाळीला येते म्हणायची आणि तू फोनवर "कुठली दिवाळी?" म्हणून हसायचीस.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता वेगळी गोळी सुरू करावी लागेल. त्या दिवशी रेखाला सुट्टी मिळाली नव्हती म्हणून मी सोबत गेले होते. हा दिवस मी नीट सांगते, कारण मुळात सगळं इथंच चुकलं.

बाई संतोषशी बोलत होत्या. म्हणाल्या, "तुझं शरीर स्वतःच्याच आतड्याला शत्रू समजून मारतंय. ही गोळी शरीराचा तो जोर कमी करते. पण जोर कमी झाला की बाहेरचे आजारही सहज शिरतात. म्हणून गोळीआधी लशी बघून घेऊ. फ्लूची, न्यूमोनियाची, काविळीची या लशी मेलेल्या जंतूंपासून केलेल्या असतात, त्या गोळी चालू असतानाही देता येतात. कांजिण्यांची लस जिवंत पण दुबळ्या जंतूची असते. ती गोळी सुरू होण्याआधीच द्यावी लागते, सुरू झाल्यावर देता येत नाही. तुला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?"

संतोष तेहतीस वर्षांचा बाप्या. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला काय आठवणार? आणि मी त्याला तोंड उघडू न देता म्हणाले, "झाल्यात. घरातल्या सगळ्या लेकरांना झाल्यात."

"लस टोचल्याचं कार्ड आहे?"

"आमच्याकडं कुठलं कार्ड, बाई? पत्र्याच्या पेटीत होतं नव्हतं ते उंदरांनी खाल्लं."

"मग एक रक्ताची तपासणी करून घेऊ. झाल्या असतील तर रक्तात कळतं."

आणि कौसा, मी काय म्हणाले ऐक. मी म्हणाले, "आधीच त्याचं एवढं रक्त जातंय, वरून तुम्ही कशाला काढता? मी आई हाय त्याची. मला माहीत नसंल का?"

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. संतोष म्हणाला, "मॅडम, आई म्हणते तर झाल्या असतील." बाई म्हणाल्या की तरी पुढच्या खेपेला तपासू. तसं त्यांनी लिहिलं आणि मी काय सांगितलं तेही लिहिलं. पुढच्या खेपेला मीच सोबत होते आणि मीच पुन्हा नको म्हणाले. मेलेल्या जंतूंच्या लशी त्याच आठवड्यात झाल्या. दंड सुजला म्हणून मी दोन दिवस डॉक्टरीणबाईला बोल लावत होते. नवी गोळी मात्र ठरल्या दिवशी सुरू झाली, स्टिरॉइडची सोबत होतीच.

मी जाणूनबुजून खोटं बोलले नाही. बायांनो, तुम्हीसुद्धा हेच सांगितलं असतं. आपल्याकडं एका लेकराला कांजिण्या उठल्या की घरात देवी आली म्हणतात. दाराला कडुलिंबाची डहाळी, घरात फोडणी नाही, औषध नाही, घरातलं माणूस बाहेर जायचं नाही. आणि सातव्या दिवशी पाणी पडतं. त्या कडुलिंबाच्या पाण्यानं काय एकट्या आजारी लेकराला न्हाऊ घालतो आपण? घरातली झाडून सगळी लेकरं एका रांगेत बसवतो. देवी सगळ्यांवरून गेली, सगळ्यांचं झालं, असं म्हणून हळदीकुंकू लावतो. बालाजीच्या वेळी मी संतोषला मांडीवर घेऊन त्या रांगेत बसले होते. माझ्या डोक्यात त्याच दिवशी त्याचं झालं होतं. तीस वर्षं मी तसंच धरून होते. अंगावर एक फोड आला नव्हता, हे मनात आलंच नाही.

ती गोळी त्याला लागू पडली. तीन-चार महिन्यांनी रक्त थांबलं. तो डबा घेऊन कामाला जाऊ लागला. पण पूर्ण बरं वाटत नव्हतं, मधूनच पोट धरून बसायचा. मला वाटायचं, एवढं डॉक्टरी करून झालं, देवाचं काहीच केलं नाही. इथं आल्यापासून गावाच्या देवीला खणनारळ गेला नव्हता. टाक डब्यातच होता, कारण खोलीत देव्हाऱ्याला जागा नव्हती.

त्यात सुनंदाच्या परीला कांजिण्या आल्या. सुनंदानं दाराला डहाळी लावली. आठ खोल्यांतल्या बायका दहीभात घेऊन गेल्या, मीही गेले. परी खाटेवर पडून मोबाईलवर कार्टून बघत होती आणि सुनंदा तिला सारखी म्हणत होती, "खाजवू नकोस गं बये, नाहीतर तोंडाची चाळण होईल, मग कुणी करायचं नाही तुला." परी म्हणाली, "मला करायचंच नाहीय." आम्ही सगळ्या हसलो. मला तिथंच वाटलं, देवी आपल्या दारात चालून आली आहे आणि माझा लेक भिंतीपलीकडं पोट धरून पडलाय.

मी जाऊन संतोषला उठवलं. "चल, पाया पडून ये."

"आई, मॅडमनी गर्दीत जाऊ नको सांगितलंय. आजारी माणसाजवळ तर नकोच."

"ही काय गर्दी हाय? देवी हाय ती. आणि तुझं लहानपणीच झालंय. तुला कसली भीती?"

रेखा कामाला गेली होती. ती असती तर तिनं जाऊ दिलं नसतं, म्हणूनच मी ती नसताना सांगितलं. तो उठला. त्याला देवीचं काही नव्हतं. रोजच्या आजारानं थकलेला माणूस कुणी काही सांगितलं की करून मोकळा होतो. तो परीच्या खाटेपाशी खाली बसला, डोकं टेकवलं. परीनं मोठ्या बाईसारखा त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा मोबाईल बघू लागली. मी हात जोडून म्हणाले, माझ्या लेकाचं पोट बरं कर, पाच शनिवार तुझा उपास धरते. तो तिथं दहा मिनिटं बसला असेल. मीच बसवला.

परी आठवड्यात खेळायला लागली. सुनंदानं पाणी घातलं, आम्हाला जेवायला बोलावलं. सगळं संपलं असं मला वाटलं.

दोन आठवड्यांनी संतोषचं पोट दुखायला लागलं. नेहमीसारखं नाही, पाठीत कळ जायची, उभं राहता येईना. रेखा म्हणाली, जुनं दुखणं उलटलं वाटतं, उद्या दवाखान्यात जाऊ. त्या दिवशी शनिवार होता, मला माझा उपास होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या छातीवर पाण्यासारखे फोड दिसले. दुपारपर्यंत पाठीवर, तोंडावर. रेखा घाबरली, पण रविवार म्हणून दवाखाना बंद होता आणि परीसारखंच आठवड्यात उतरेल असं मी तिला समजावलं. आणि मी, कौसा, मी आनंदले. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. मला वाटलं, नवस पोचला. देवी स्वतः आली. आता त्याच्या पोटातलं सगळं घेऊन जाईल.

लहानपणी झाल्या होत्या तर आता पुन्हा कशा आल्या, हा साधा प्रश्न मला पडला नाही. पडला असता तरी मी त्याला उत्तर शोधून काढलं असतं.

मी सुनंदाच्या दारावरची सुकलेली डहाळी काढून कंपनीच्या भिंतीलगतच्या झाडाची नवी आणली आणि आमच्या दाराला बांधली. टाक डब्यातून काढून त्याच्या उशाशी ठेवला. गोळ्यांची पिशवी उचलून वर फळीवर, पिठाच्या डब्यामागं ठेवली. देवी अंगात असताना औषध द्यायचं नसतं. रेखानं विचारलं तेव्हा सांगितलं, दिल्या. सोमवारी तिनं सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणाला, कांजिण्याच आहेत ना, सासू आहे ना घरात? ती गेली. मंगळवारीही गेली.

मंगळवारी तीनच्या सुमारास ती शिफ्ट संपवून आली. संतोष भिंतीला टेकून बसला होता, कारण आडवं पडलं की त्याला श्वास येत नव्हता. ओठ निळे पडायला लागले होते. मी बाजूला बसून कडुलिंबाच्या पाल्यानं वारा घालत होते. रेखानं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग फळीकडं. पिशवीचा एक बंद पिठाच्या डब्यामागून लोंबत होता.

"कधीपासून दिल्या नाहीत?"

मी पाल्यानं वारा घालत राहिले.

तिनं फोन काढला आणि अँब्युलन्स बोलावली. पत्ता सांगताना तिचा आवाज अगदी सरळ होता, सामानाची ऑर्डर द्यावी तसा. मी दारात जाऊन उभी राहिले.

"देवी अंगात असताना घराबाहेर काढतीस त्याला? पाणी तरी पडू दे."

"आई, बाजूला व्हा."

"कोप होईल, रेखा."

"मग देवीला पण घ्या सोबत. तिलाही बसवू अँब्युलन्समध्ये. इथं एकटी काय करेल ती?" असं म्हणून तिनं दाराची डहाळी एका हिसक्यात तोडली आणि माझ्या हातात दिली. "धरा. चला."

मी काय करणार? धरली. सुनंदा आणि समोरच्या खोलीतली दोन पोरं, जी एकेकाळी रांगेत हसायची, त्यांनी त्याला चादरीत उचलून गाडीत घातलं. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं की मी काहीतरी सोडून निघाले आहे. गाव सोडताना तसं वाटलं नव्हतं. तेव्हा परत यायचं ठरलेलं होतं.

मोशीला गाडी अडकली. शिफ्ट सुटायची वेळ, कंपन्यांच्या बसेस, नव्या गाड्या भरलेले ट्रेलर. भोंगा वाजतोय आणि समोरचा हलत नाही, कारण त्याच्यापुढचा हलत नाही. रेखा संतोषच्या नाकावर ऑक्सिजन धरून बसलेल्या माणसाला विचारत होती, "किती दाखवतंय?" तो सांगत नव्हता. भोसरीपर्यंत मी त्या डहाळीची पानं एकेक करून चुरगळली. पिंपरीत दवाखान्यापाशी उतरलो तेव्हा हातात नुसती काडी होती, ती मी गेटवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. टाक मात्र घरीच राहिला होता. त्याची आठवण तिसऱ्या दिवशी झाली.

त्या तरुण डॉक्टरला मी आधी लहानपणाचं खरं सांगितलं, मग रात्रीपर्यंत बाकीचंही सांगावं लागलं. त्यानं एकेक विचारलं.

"कांजिण्या झालेल्या कुणाजवळ गेला होता?" गेला होता. "कुणी नेलं?" मी.

"त्या दिवशी डॉक्टरना कळवलं?" नाही.

"कळवलं असतं तर दुसरं इंजेक्शन देता आलं असतं, अंगावर फोड यायच्या आत. त्याला काही दिवसांची मुदत असते." ती मुदत मी दहीभात आणि उपासात घालवली होती.

"गोळ्या कुणी बंद केल्या?" मी.

तो म्हणाला, "त्यातली एक आम्हीही थांबवलीच असती. पण स्टिरॉइड असं एकदम थांबवलं की माणूस कोसळतो. ते कुणी स्वतःहून ठरवायचं नसतं."

रेखा शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. तिला फळीवरच्या पिशवीचं तेवढं माहीत होतं. परीच्या खाटेचं तिला तिथं कळलं.  ती बाकावर जाऊन बसली. मी त्याच बाकावर दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा होती आणि पुढचे कितीतरी दिवस ती तशीच राहिली. चहा आणायची तेव्हा ती दोन आणायची, माझा त्या मधल्या जागेवर ठेवायची.

कांजिण्या त्याच्या फुफ्फुसात उतरल्या होत्या, यकृतालाही सूज होती. चौथ्या दिवशी नळी घालून मशीनवर ठेवलं. त्या दिवशी डॉक्टर म्हणाला, "जवळच्यांना बोलावून घ्या." बालाजी आला. त्यानं विचारलं, "असं कसं झालं?" रेखा म्हणाली, "कांजिण्या बिघडल्या." एवढंच. तिनं मला वाचवलं असं समजू नका. ती नंतर म्हणाली, "तुमचं तुम्ही सांगायचं. मी कशाला सांगू?" त्या दिवशी मी सांगितलं नाही. बालाजी, आज हे तुलाही वाचून दाखवतील.

मी देवाला काही बोलले नाही. पुन्हा उपास बोलायची हिंमत नव्हती. काय मागितलं की काय मिळेल याचा भरवसा उरला नव्हता. मी नुसती त्या काचेतून त्याची छाती वर-खाली होताना मोजत बसायची. शंभर झाले की परत एकपासून.

आता बाकीचं थोडक्यात. बायांनो, डॉक्टर विचारतील तेव्हा माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही. तुमच्या पोराला असलं औषध चालू होणार असेल तर आधी लशींचं विचारा, रक्त तपासायचं म्हणाले तर तपासू द्या. आणि अशा माणसाजवळ कांजिण्यांचं लेकरू आलं, तर कुणाच्या पाया पडण्याआधी डॉक्टरना फोन करा, त्याच दिवशी. रेखाचं रक्त नंतर तपासलं. तिलाही कधी झाल्या नव्हत्या, सुदैवानं या वेळी लागल्या नाहीत. तिला दोन वेळा लस दिली. टोचल्यावर अंगावर पुरळ आलं तर नवऱ्यापासून दूर राहायचं हेही त्यांनी सांगितलं, ते आलं नाही. मला फ्लूची आणि न्यूमोनियाची टोचली. माझा दंड सुजला. मी कुणाला बोल लावला नाही.

तू फोनवर म्हणालीस, आता चल गावाकडं, पुरे झालं. मी एकदा येऊनही गेले, तुला माहीत आहे. दोन दिवसांत किती बाया भेटायला आल्या. जी ती म्हणत होती, देवी पावली गं तुला, मरणाच्या दारातून लेक परत दिला. कुणी नारळ घेऊन आली. मी गप्प बसून नारळ घेतले. तिसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघाले आणि तुला वाटलं मला काहीतरी लागलं.

लागलं नाही. पण तिथं मला राहता येणार नाही. गावात मी जिचा नवस फळला ती बाई आहे. कुरुळीत त्या खोलीत एक बाई आहे जिला माहीत आहे की गोळ्यांची पिशवी पिठाच्या डब्यामागं कुणी ठेवली होती. ती मला रोज सकाळी संतोषच्या गोळ्या मोजून माझ्या हातात देते, "आई, जेवणानंतर," असं म्हणते आणि शिफ्टला जाते. संध्याकाळी येऊन रिकामं पाकीट बघते. मला त्याचा राग येत नाही. मला खोटं ठरवू शकेल असं कुणीतरी जिथं आहे, तिथं मी निवांत झोपते. घर म्हणायचं तर आता तेच.

परीला काही झालं नाही, आता ती पहिलीत आहे. संतोष एकवीस दिवस दवाखान्यात होता, त्यातले अकरा मशीनवर. जिना चढताना धाप लागते, कंपनीनं लाईनवरून काढून स्टोअरला बसवलंय. पोटाचा आजार आहे तसाच आहे. तो जिवंत आहे.